गाठीतलं हाड

माझी मावशी बसस्थानकावर 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीत कामाला होती. लोक बसमध्ये विसरून जातात त्या छत्र्या, पिशव्या, चष्मे, एकदा तर कुणाची तरी कवळी, असं सगळं तिच्याकडे जमा व्हायचं. मालकाने यायचं, ओळख पटवायची आणि आपली वस्तू घेऊन जायची. पण मावशीसमोर ओळख पटवणं म्हणजे पोरखेळ नव्हता.

"छत्री कुठल्या रंगाची?"

"काळी."

"काळ्या तर सगळ्याच असतात. मूठ कशी आहे? काडी वाकलीय का एखादी? वाकली असेल तर कशी वाकली?"

माणूस घामाघूम व्हायचा. शेवटी छत्री मिळायची, पण बाहेर पडताना त्याचा चेहरा असा असायचा, जणू स्वतःचीच छत्री चोरून नेतोय. स्थानकावर सगळे तिला 'उलटतपासणी' म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

घरीही तेच. दुकानदाराचा तराजू, शेजारणीचं हसू, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज, कशावरही तिचा विश्वास नव्हता. जो फार गोड बोलेल त्याच्यापासून आपला खिसा सांभाळावा, असं ती मला लहानपणापासून सांगत आली. तिचा नवरा, म्हणजे माझे काका, शाळेची बस चालवायचे, आणि स्वभावाने अगदी दुसऱ्या टोकाचे. उद्या सूर्य दुपारी उगवणार आहे असं कुणी त्यांना सांगितलं असतं, तर "बरं" म्हणून ते परत झोपले असते. मी नोकरीच्या निमित्ताने त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सुरुवात स्टुलावरून झाली. खिडकीत बसायला एक उंच स्टूल होतं, त्यावर चपटी उशी. सकाळी मावशी बसायची, दुपारनंतर दुसरी एक बाई, जिला मावशी कधी नावाने हाक मारत नसे. 'दुपारपाळीवाली' एवढंच. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एक दिवस मावशीला बसल्यावर उजव्या मांडीखाली काहीतरी टोचायला लागलं. खडा असावा तसं. तिने उशी उचलून पाहिली, झटकली, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मुद्दाम करतेय ती," रात्री जेवताना ती म्हणाली. "उशीच्या आत शिवून ठेवलंय काहीतरी. मी उठले की काढून घेत असेल."

"शिवलेलं रोज काढायचं, रोज घालायचं," काका म्हणाले. "बरीच मेहनत आहे की."

मावशीने दुसऱ्या दिवशी कात्री नेली आणि उशी उसवली. आत कापूस निघाला. दुपारपाळीवाली आली, तर टेबलावर कापसाचा ढीग आणि मावशी त्यात बोटं घालून बसलेली. त्यावरून जे भांडण झालं ते थेट व्यवस्थापकापर्यंत गेलं. नवी उशी आली. खडा टोचायचा थांबला नाही.

मग एका रविवारी घरच्या लाकडी खुर्चीवर बसताना मावशी एकदम थबकली. उठली, परत बसली. काका वर्तमानपत्र वाचत होते.

"काय झालं?"

"इथेही टोचतंय."

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "दुपारपाळीवाली आपल्या घरी कधी आली होती?"

मावशीने हात मांडीच्या मागच्या बाजूला नेला. तिथे तिला एक गाठ होती, बरीच वर्षं. मऊ, दाबली की सरकणारी. चरबीची गाठ आहे, काही करायची गरज नाही, असं घरच्या डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेलं होतं, आणि मग सगळेच ती विसरून गेलो होतो. आता ती वाढली होती, चांगली मूठभर. आणि त्या मऊपणाच्या आत, खोल, काहीतरी कडक लागत होतं. सगळीकडे शोधलेला खडा तिच्या स्वतःच्या अंगात होता.

घरच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "फोटो काढू," म्हणाले. एक्स-रेत मांडीच्या हाडापासून दूर, मांसाच्या भागात, एक पांढरा तुकडा दिसला. फांदीसारखा. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे हाडांच्या विभागात.

हाडांचे डॉक्टर रुबाबदार होते आणि घाईत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधी पडला होतात?"

मावशी पडली होती. सामानाच्या खोलीत शिडीवरून, वरच्या फळीवरची पेटी काढताना. मांडी काळीनिळी झाली होती आणि सुजली होती, पुष्कळ दिवस लंगडत होती.

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले. "मुका मार लागला की आत रक्त साकळतं. कधी कधी स्नायूत त्याचं हाड बनतं. घाबरण्यासारखं नसतं. उजवीच मांडी ना?"

"उजवीच," मावशी म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले होते. काका पलीकडे. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

खात्रीसाठी सुईने तुकडा काढून तपासला. अहवाल आला : हाड आहे, चांगलं पक्व झालेलं, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मला तेव्हाच एक गोष्ट विचित्र वाटली होती. जी बाई छत्रीची काडी कशी वाकली ते विचारल्याशिवाय छत्री देत नाही, तिने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. "आभारी आहे," म्हणाली आणि उठली. घरी येताना बसमध्ये चक्क गुणगुणत होती.

काही दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. फोटो तपासणाऱ्या विभागातल्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. त्या म्हणाल्या, तुमचा एक्स-रे मी पुन्हा पाहिला, माझं समाधान होत नाहीये. एक मोठा स्कॅन करू या, आणि गाठीच्या मऊ भागातलाही तुकडा तपासू या.

मावशीने फोन ठेवला, आणि तिचा जुना स्वभाव जणू सुट्टीवरून परतला.

"एक डॉक्टर म्हणतो काही नाही, दुसरी म्हणते समाधान नाही. हिच्या समाधानासाठी मी टोचून घ्यायचं? आधी घाबरवायचं, मग मशिनखाली झोपवायचं. ओळखून आहे मी. मशीन रिकामं असेल यांचं."

"जाऊन तर ये," मी म्हटलं.

"तुला त्यांनी फोन केला होता का, मला न सांगता?"

"नाही गं."

"मग तू का त्यांची वकिली करतेस?"

पुन्हा फोन आला. ते लोक हात धुऊन मागे लागले आहेत म्हणून ती आता फोनच उचलेना. मीही हळूहळू विषय सोडून दिला. शेवटी सुईचा अहवाल आमच्याकडे होताच. लेखी होता, त्यावर सही होती.

बदलले ते काका. त्यांचं "बरं" कमी झालं. मावशी घरात चालायला लागली की त्यांचे डोळे तिच्या पायावर असायचे. ती बसताना उजवं अंग उचलून बसते, झोपेत कूस बदलताना कण्हते, हे ते पाहत होते. एकदा तिने पकडलंच.

"काय बघताय?"

"काही नाही."

मावशीच्या शब्दकोशात 'काही नाही' याचा अर्थ 'नक्कीच काहीतरी' असा होता. तिने त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. बस शाळेत लावून ते नेहमीपेक्षा उशिरा घरी येऊ लागले होते. विचारलं तर "चाक पंक्चर," "गर्दी होती," अशी उत्तरं. काकांना खोटं बोलता येत नाही. त्यांचे कान लाल होतात.

त्यातच एके दिवशी पाळी बदलताना दुपारपाळीवालीने तिला सांगितलं, "तुमच्या घरचे काल रुग्णालयाकडून येणाऱ्या बसमधून उतरताना दिसले. परवाही."

मावशी घरी आली ती या दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊनच. एक म्हणजे नवरा लपवाछपवी करतोय. दुसरी म्हणजे, ही बया आपण होऊन मला का सांगतेय, हिचा यात काय डाव आहे.

दोन दिवसांनी तिने अर्धी रजा टाकली, मला कामावरून बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघी काकांच्या मागे दुसऱ्या बसने निघालो. मावशीने डोक्याला रुमाल बांधला होता. त्याने ती जास्तच ओळखू येत होती.

"हे बघ," बसमध्ये ती हळू आवाजात म्हणाली, "एक तर त्यांना काहीतरी झालंय, नाहीतर त्यांना कुणीतरी भेटलंय. दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाहीये."

काका रुग्णालयाच्या मागच्या दाराने आत गेले. लांब, अरुंद बोळ होता, भिंतीला लावलेली बाकं, फिनाईलचा वास. ते एका दारावर टकटक करून आत गेले. दार नीट लागलं नव्हतं. मावशी फटीला डोळा लावून उभी राहिली, मी तिच्या मागे.

आत एक ठेंगणी, गळ्यात चष्मा अडकवलेली बाई पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर एक मांडी होती, करडी, आणि तिच्यात पांढरी फांदी.

काका म्हणत होते, "ती येतच नाही हो. माझं कधी ऐकलं नाहीये तिने, आता काय ऐकणार. तुम्ही मलाच नीट समजावून सांगा. मी पाठ करून घेतो आणि घरी जाऊन सांगतो."

मावशीने दार ढकललं.

"कुणाची मांडी बघताय?"

काका उभे राहिले. कान लालभडक. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मावशीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि म्हणाल्या, "तुमचीच. बसा."

मावशी बसली नाही. "हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय काही नाही म्हणून. सुईनेही तेच सांगितलं. मग तुम्हाला काय माहीत आहे जे त्यांना माहीत नाही?"

"मला काहीच माहीत नाही. मला शंका आहे."

हे उत्तर मावशीला अपेक्षित नव्हतं. ती बसली.

डॉक्टरीणबाईंनी पेन पडद्यावर टेकवलं. "मार लागून जे हाड बनतं ते बहुतेक वेळा बाहेरून बनत येतं. कडेला कडक, मध्ये मऊ. तुमचं उलटं आहे. हाड आत आहे आणि भोवती हा काळसर भाग आहे, तो चरबीसारखा दिसतोय. आता चरबीच्या साध्या गाठीतही क्वचित हाड तयार होतं, तसं असेल तर उत्तमच. पण चरबीतून उठणारा एक कर्करोग असतो. त्यातही कधी कधी असं हाड तयार होतं. फार कमी वेळा, पण होतं. सुई गेली ती नेमकी हाडात. हाडाने सांगितलं, मी हाड आहे. ते खोटं बोललं नाही. पण शेजारी कोण राहतं ते त्याला कुणी विचारलंच नाही."

मग काका म्हणाले, मावशीकडे न बघता, "तू पडलीस तेव्हा डावी मांडी सुजली होती. मी शेकत होतो ना रोज. डावीच होती. गाठ उजवीकडे आहे."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तू उजवी म्हणालीस. मला वाटलं माझंच चुकत असेल. पण मग चैन पडेना."

मावशी पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं आता ती त्यांच्यावर तुटून पडणार. पण ती म्हणाली, "मलाही आठवत होतं. डावीच होती. डॉक्टर उजवी म्हणाले, आणि मला ती उजवीच हवी होती."

तिच्या तोंडून असं वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मोठा स्कॅन झाला. या वेळी तुकडे मऊ भागातून घेतले आणि जिथे मऊ आणि कडक एकमेकांना भिडतात तिथूनही घेतले. पेशी एका खास तपासणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. वाट बघण्याचे ते दिवस फार वाईट गेले. मावशीला प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी लपलेलं दिसायचं. मी खोलीत शिरले की विचारायची, "बाहेर काय बोलत होतात?" आम्ही दूध संपल्याचं बोलत होतो. दूध दाखवल्यावरच तिची खात्री पटायची. माझीही गत काही वेगळी राहिली नव्हती. काका न्हाणीघरात जास्त वेळ राहिले की मला वाटायचं, यांना फोन आलाय आणि हे रडतायत.

अहवाल द्यायला आम्हाला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे बोलावलं. ते तरुण होते, कपाळावर आठी. काका पुढे झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आधी मला एकट्याला..."

"मला आधी," मावशी मागून म्हणाली. "त्यांना मी सांगेन."

तर तो कर्करोगच होता. चरबीतून उठलेला. बराचसा भाग सौम्य जातीचा, जागा सोडून सहसा न जाणारा. पण हाडाच्या लगतचा एक भाग बिघडून जहाल झाला असावा अशी शंका होती. असा रोग पसरला तर आधी फुप्फुसात जातो, पण छाती तूर्त स्वच्छ होती.

मावशीने रुमालाने तोंड पुसलं आणि उलटतपासणी सुरू केली. सगळं काढणार म्हणजे किती? पाय राहणार का? मांडीतल्या मोठ्या नसेला धक्का लागला तर पाऊल उचलता येईल का? तुम्ही स्वतः करणार की दुसऱ्याला उभं करणार? डॉक्टर एकेकाचं उत्तर देत गेले. काही ठिकाणी "आत्ता सांगता येणार नाही" म्हणाले. त्या उत्तरांवर ती मान डोलवायची. ठाम उत्तरांवरच तिच्या भुवया वर जात होत्या.

"आणि जे काढाल ते मला दाखवायचं," ती शेवटी म्हणाली.

"ते तपासणीला जातं. फोटो दाखवीन."

"माझ्याच गाठीचा?"

"तुमच्याच गाठीचा," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

शस्त्रक्रिया लांबली. काका बाकावर बसून होते, हात मांडीवर ठेवून. दार उघडलं की उभे राहायचे, आपल्यासाठी नाही असं कळलं की बसायचे. एकदा मला म्हणाले, "आयुष्यभर मी तिला म्हणत आलो, किती संशय घेतेस गं. आणि घ्यायचा तेव्हा तिने घेतलाच नाही."

गाठ अखंड निघाली, भोवतीच्या स्नायूचा एक भाग घेऊन. पाय राहिला. अहवालात शंका खरी ठरली होती : बहुतेक गाठ सौम्य, हाडाच्या कडेला जहाल पेशींचा छोटा पट्टा. कापलेल्या कडांवर कुठेही रोगाच्या पेशी नव्हत्या, फक्त नसेच्या बाजूला गाठ आणि कड यांत अंतर फार कमी मिळालं होतं. म्हणून पुढे कित्येक आठवडे किरणोपचार झाले. मांडीची कातडी भाजल्यासारखी झाली, मावशी वेदनेने चिडचिडी झाली, आणि काकांनी बस चालवून आल्यावर रोज तिला मलम लावणं सांभाळलं.

फोटो तिला मिळाला. पिवळी गाठ मधोमध कापलेली, आत पांढरं, जाळीदार, खरंखुरं हाड. ती किती तरी वेळ पाहत राहिली.

"माझ्याच अंगाने केलं हे," ती म्हणाली. "माझ्या परवानगीशिवाय."

त्यानंतरचा काळ मला शस्त्रक्रियेपेक्षाही अवघड वाटला. जगावरचा संशय तिने गोळा केला आणि सगळा स्वतःच्या शरीरावर ओतला. सकाळ-संध्याकाळ अंग चाचपायची. बरगडी लागली की दचकायची, कोपर लागलं की मला हाक मारायची. एकदा तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की गुडघ्यावर एक गोल, कडक गाठ आलीय आणि ती सरकते.

पलीकडून त्या म्हणाल्या, "बाई, ती गुडघ्याची वाटी आहे. सगळ्यांना असते."

"डावीकडेही आहे," मावशी म्हणाली.

"असू द्या. दोन्ही तुमच्याच आहेत."

हे ऐकून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीही हसली, जरा उशिरा. चाचपणं त्यानंतर कमी झालं, पण बंद झालं नाही.

ती कामावर परतली, पुढे निवृत्त झाली. चालताना उजवा पाय किंचित ओढते. जिना चढताना काकांचा खांदा धरते, आणि वर पोचल्यावर म्हणते, तुम्हीच मला धरून चढलात. ठरावीक महिन्यांनी मांडीचा आणि छातीचा स्कॅन असतो. आधीचे सगळे स्वच्छ आले. प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन सांगतात, आणि मावशी प्रत्येक वेळी विचारते, "नीट बघितलंत?"

या खेपेला त्या बाहेर आल्या आणि उभ्या उभ्या न सांगता आमच्या शेजारी बाकावर बसल्या. उजव्या फुप्फुसात एक बारीक ठिपका आहे. जुना व्रण असू शकतो, दुसरंही असू शकतं. इतका लहान आहे की टोचून काही कळणार नाही. काही आठवड्यांनी परत बघू.

"तुम्हाला काय वाटतं?" मावशीने विचारलं.

"मला अजून काहीच वाटत नाहीये. उगाच काहीतरी सांगणार नाही."

"सांगू नका," मावशी म्हणाली.

काकांनी पुढच्या तारखेचं विचारून घेतलं. बाहेर ऊन होतं. त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली होती, कारण बसच्या पायऱ्या तिला आता जड जातात. मावशी मागे बसली, पाय सीटवर लांब केला. मी पुढे बसले. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली की या रस्त्याने लांब पडतं, आणि काका म्हणाले की नाही पडत, आणि घर येईपर्यंत दोघांचा त्यावरून वाद चालू राहिला.